नागपूरकरांनो, समुद्रात गळ टाकायचाय?

फुटाळा तलावावर गळ टाकून बसणारा मी, मालवणला गेलो तेव्हा वाटलं, पाणी ते पाणी! पहिल्याच लाटेला सकाळचे पोहे बाहेर आले, भाऊ. उलटीची गोळी निघायच्या अर्धा तास आधी घ्या, होडीत चढल्यावर नाही.

बुकिंग ऑक्टोबरनंतरचं करा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते आणि ऑगस्टातही समुद्र खवळलेलाच. तारीख ठरवताना रेल्वेच्या तिकिटाआधी पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाण्याला ओढ फार. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती-ओहोटी कमी, पाणी शांत. नवख्याला तेच बरं.

फोनवर तांडेलाला (होडीच्या कप्तानाला) थेट विचारा: किनाऱ्यापासून किती लांब नेणार? भाडं माणशी की अख्ख्या होडीचं? गळ, दोरी, आमिषाची कोळंबी त्यात धरली का? लाइफ जॅकेट प्रत्येकाला? मासा कोणाचा? (हे मी विचारलं नव्हतं. माझी तांबोशी त्यांच्याच घरी शिजली.) मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, त्यामुळे गळ कुठे चालतो हेही आधीच विचारा.

पूर्ण पैसे आगाऊ देऊ नका. हवा बिघडली तर परत किती, ते मेसेजवर लिहून घ्या.