५०१ आणि २५१ मिळून पाच लाख कसे होतात? पायथनमधले डेटा टाइप आणि त्यांची अदलाबदल

सोसायटीच्या गणपतीच्या वर्गणीचा हिशेब वहीऐवजी संगणकावर ठेवायची हौस मला एका वर्षी आली. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत चार ओळींचा प्रोग्राम लिहिला. पहिल्या घराचे ५०१ टाकले, दुसऱ्या घराचे २५१ टाकले आणि एकूण विचारली. पडद्यावर आलं, ५०१२५१. खजिनदार काका शेजारीच बसले होते. "दोन घरांत पाच लाख? मग बाकीच्यांच्या दारात जायलाच नको," म्हणाले.

पायथनचं काही चुकलं नव्हतं. मी त्याच्या हातात दोन रकमा दिल्या आहेत असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात दिले होते दोन शब्द. शब्दांची बेरीज म्हणजे ते एकापुढे एक चिकटवणं. "गण" अधिक "पती" म्हणजे "गणपती", तसंच हे. माझा घोळ जिथे झाला त्याच वाटेने डेटा टाइप, म्हणजे माहितीचे प्रकार, समजून घेऊ.

सुरुवातीलाच एक सांगतो. इथे पायथनचे शब्द उच्चारतो तसे देवनागरीत लिहिले आहेत. संगणकावर ते रोमन लिपीत टाइप करायचे आणि आकडे इंग्रजी. वर्गणी, एकूण अशी आपण ठेवलेली नावं मात्र देवनागरीत राहिली तरी पायथन ३ या सध्याच्या आवृत्तीला चालतात.

पायरी १ : हातात काय आहे ते आधी विचारा

वर्गणी = इनपुट("किती दिले? ")
प्रिंट(टाइप(वर्गणी))

तुम्ही ५०१ टाका, ५०.५ टाका नाहीतर तुमचं नाव टाका, उत्तर एकच येईल: एसटीआर, म्हणजे स्ट्रिंग, नुसता मजकूर. इनपुटमधून येणारी प्रत्येक गोष्ट पायथन मजकूर म्हणूनच घेतो. फाइलमधून वाचलेल्या ओळींचंही तेच. जुन्या पुस्तकांत कधी कधी याच्या उलट लिहिलेलं सापडेल, कारण पायथन २ मध्ये इनपुट समोरचा मजकूर स्वतःच सोडवून बघायचा. २००८ साली पायथन ३ आला तेव्हा ही पद्धत बदलली आणि १ जानेवारी २०२० पासून पायथन २ ची देखभालही थांबली. पुस्तक कुठल्या पायथनचं आहे तेवढं बघून घ्या.

रोजच्या कामात चारच टाइप वारंवार भेटतात. इंट म्हणजे पूर्णांक, फ्लोट म्हणजे दशांश असलेली संख्या, स्ट्रिंग म्हणजे अवतरणचिन्हांतला मजकूर आणि बूल म्हणजे खरं किंवा खोटं (ट्रू किंवा फॉल्स).

पायरी २ : कशाला संख्या करायचं ते ठरवा

आकडे दिसले की ती संख्याच, असं नसतं. मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: याची बेरीज किंवा सरासरी काढण्यात काही अर्थ आहे का? दोन घरांच्या वर्गणीची बेरीज करता येते. दोघांच्या मोबाइल नंबरांची बेरीज करून काय मिळणार? फ्लॅट नंबर, पिनकोड, बँकेचा खाते क्रमांक ही सगळी आकड्यांच्या वेषातली नावं आहेत. ती स्ट्रिंगच राहू द्या. खाते क्रमांक शून्याने सुरू होत असेल आणि तुम्ही त्याचा इंट केलात, तर सुरुवातीची शून्यं गेली म्हणून समजा. परत स्ट्रिंग केल्याने ती येत नाहीत.

एक्सेल हा निर्णय तुम्हाला न विचारता घेतं. सातबाऱ्यावरचा गट नंबर ५/२ साध्या रकान्यात टाकून बघा, त्याची तारीख होते. हे दुखणं फक्त आपलं नाही. माणसाच्या काही जनुकांची नावं मार्च १, सेप्ट १ अशी होती आणि एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलून घेतली. तेव्हा सॉफ्टवेअर बदललं नाही, जनुकांची नावं बदलली!

पायरी ३ : उंबरठ्यावरच बदला

वर्गणी = इंट(इनपुट("किती दिले? "))

एवढ्या एका इंटने माझे पाच लाख ७५२ वर आले. मजकूर जिथून आत येतो तिथेच त्याचा योग्य टाइप करून टाका, पुढे पंचवीस ठिकाणी करत बसू नका. तसं केलं नाही तर चूक बेरजेतच दिसेल असंही नाही. सगळ्यात जास्त वर्गणी कोणाची हे मी मॅक्सने काढायला गेलो तर ५०१, २५१ आणि ११०० यांत ५०१ वाला पहिला आला. स्ट्रिंगची तुलना शब्दकोशासारखी, पहिल्या अक्षरापासून होते. ५ पुढे १ हरला, विषय संपला. बेरजेतली चूक डोळ्यांत भरते. ही मात्र ११०० देणाऱ्या काकूंनी फलकावर नाव वाचेपर्यंत कोणाला कळली नसती.

"५०१" या मजकुरात २५१ ही संख्या मिळवायला गेलात तर पायथन टाइप एरर देऊन थांबतो. नवशिक्यांना हा आडमुठेपणा वाटतो, मला तो गुण वाटतो. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेला "५" अधिक ३ सांगा, ती निमूटपणे "५३" देते. "५" वजा ३ सांगा, तर २ देते. एकाच मजकुराला एकदा शब्द मानायचं आणि एकदा संख्या, तेही काही न बोलता. त्यापेक्षा तोंडावर नाही म्हणणारा बरा.

इंटला काय चालतं? मागेपुढे मोकळी जागा असली तरी चालते. "१,१००" मधला स्वल्पविराम चालत नाही. "५०१.००" हाही चालत नाही, व्हॅल्यू एरर येते, त्याला आधी फ्लोट करून मग इंट करावं लागतं. आणि एक गोष्ट बघून मी खरोखर खूश झालो: इंट("५०१") मध्ये हे आकडे देवनागरी असले तरी उत्तर बरोबर येतं. युनिकोडमधले, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांसाठीच्या संगणकी यादीतले, दशमान अंक पायथन ओळखतो. थेट प्रोग्रामच्या ओळीत मात्र देवनागरी आकडा लिहिलात तर चूक दाखवतो. म्हणजे मजकुरातून आला तर पाहुणा, ओळीत लिहिला तर घुसखोर.

पायरी ४ : वाकड्या नोंदी सरळ करा

व्हॉट्सॲपवर लोकांनी पाठवलेली यादी अशी होती: "५०१", " २५१", "१,१००/-", "रु. ५०१", "दीड हजार". यातले पहिले दोन आपोआप सुटतात. मधल्या दोघांना आधी साफ करावं लागतं, त्यासाठी हे फंक्शन, म्हणजे नाव देऊन ठेवलेली कृती.

डेफ रक्कम_काढा(मजकूर):
    मजकूर = मजकूर.रिप्लेस("रु.", "")
    मजकूर = मजकूर.रिप्लेस("/-", "")
    मजकूर = मजकूर.रिप्लेस(",", "")
    ट्राय:
        रिटर्न इंट(मजकूर)
    एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
        रिटर्न नन

आकडे सोडून बाकी सगळं उडवून टाकावं, असा सोपा मार्ग सुचेल. तो टाळा. "५०.५०" मधला टिंब उडाला की पन्नास रुपये पन्नास पैशांचे पाच हजार पन्नास होतात. नेमकं काय काढायचं तेवढंच काढा. उरलेलं इंटला समजलं नाही तर फंक्शन नन परत देतं. नन म्हणजे शून्य नव्हे. नन म्हणजे "कळलं नाही".

पुढे तपासताना मी इफ नॉट रक्कम असं लिहिलं आणि पुन्हा फसलो. एका घराने पैशांऐवजी नारळांचं पोतं दिलं होतं, त्यांची रक्कम शून्य. पायथनच्या लेखी शून्यही खोटं आणि ननही खोटं, त्यामुळे ते घर न समजलेल्यांच्या यादीत गेलं. इफ रक्कम इज नन असं स्पष्ट विचारा.

बूलचं आणखी एक वळण इथेच सांगतो. बूल("फॉल्स") चं उत्तर ट्रू येतं. रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी, मग तिच्यात "०" लिहिलेला असो की "नाही". हो किंवा नाही असा मजकूर आला तर बूलकडे देऊ नका, थेट शब्दाशी तुलना करा.

पायरी ५ : पैशांत दशांश आला की थांबा

प्रिंट(०.१ + ०.२)

उत्तर ०.३ नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. फ्लोट ६४ बिटांत द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, साठवला जातो आणि ०.१ तिथे नेमका बसत नाही, जसं एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलं की ०.३३३ पुढे संपतच नाही. मोजमापांना एवढा फरक चालून जातो. पैशांना चालत नाही. १९.९९ रुपयांचे पैसे करायला इंट(१९.९९ * १००) लिहा, १९९८ येतील. गुणाकार १९९८.९९९... असा येतो आणि इंट दशांशापुढचं सगळं सरळ छाटतो, जवळच्या पूर्णांकावर नेत नाही.

राऊंड वापरा, पण तोही शाळेतल्यासारखा वागत नाही. राऊंड(२.५) म्हणजे २ आणि राऊंड(३.५) म्हणजे ४. बरोबर मध्यावर असेल तर तो सम संख्येकडे जातो. माझं मत विचाराल तर घरगुती हिशेब पैशांत, इंट म्हणूनच ठेवावा. दशांश हवाच असेल तर डेसिमल हा दशमान पद्धतीने साठवणारा टाइप वापरा आणि त्याला संख्या अवतरणचिन्हांत द्या. डेसिमल("०.१") अचूक राहतो. अवतरणचिन्हं विसरलात तर फ्लोटची चूक जशीच्या तशी डेसिमलमध्ये उतरते.

पायरी ६ : फलकावर लावताना पुन्हा मजकूर

हिशेब संपला की संख्येची स्ट्रिंग करायची. साध्या कामाला एसटीआर(एकूण) पुरतं. हजारांचे स्वल्पविराम हवे असतील तर एफ-स्ट्रिंगमध्ये (मजकुरात मधेच संख्या घालायची पायथनची सोय) संख्येपुढे अपूर्णविराम (:) आणि स्वल्पविराम देतात, पण ते तीन-तीन आकड्यांवर पडतात. सव्वा लाख १२५,००० असा दिसतो. आपल्याला १,२५,००० हवा असेल तर शेवटचे तीन आकडे वेगळे काढून उरलेल्यांचे दोन-दोन गट करणारं छोटं फंक्शन स्वतः लिहावं लागतं. आकडे देवनागरीत हवे असतील तर मेकट्रान्स आणि ट्रान्सलेट यांनी दहाही अंक एका ओळीत बदलता येतात. हे सगळं अगदी शेवटी करा. एकदा १,२५,००० असा मजकूर झाला की त्यात पुन्हा काही मिळवायचं म्हणजे पायरी ४ पासून सुरुवात.

व्हॉट्सॲपवरच्या त्या पाचपैकी चार नोंदींची बेरीज शेवटी २३५३ आली आणि न समजलेल्यांच्या यादीत एकच नोंद उरली: "दीड हजार". त्यासाठी काकांनी फोन लावला.