फुप्फुसाचा जुना आजार आणि नोकरी: राजीनाम्याआधी काय करावे

नवी मुंबई-ठाण्याच्या तुर्भे, महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेट या औद्योगिक भागांत काम करणाऱ्या माणसाला सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार), दमा किंवा सिलिकोसिस (दगड-वाळूतील सिलिकाच्या धुळीमुळे होणारा फुप्फुसाचा आजार) असल्याचे कळले की घरचे नोकरी सोडायला सांगतात. काळजीपोटी दिलेला हा सल्ला घाईने मानू नये, कारण कामगार विम्याचे (ईएसआयसी) बहुतेक लाभ नोकरी चालू असण्यावर अवलंबून असतात.

प्रथम स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकून फुप्फुसाची क्षमता मोजणारी चाचणी, करून घ्यावी. मात्र तिचा अहवाल कामात नेमके कुठे अडते हे सांगत नाही. त्यासाठी, विशेषतः दमेकऱ्याने, नोंदवही ठेवावी. पीक फ्लो मीटर (श्वास किती जोराने बाहेर पडतो हे मोजणारे छोटे उपकरण) घेऊन सकाळी उठल्यावर, कामावर असताना, घरी परतल्यावर आणि झोपण्यापूर्वी प्रत्येक वेळी तीनदा फुंकावे आणि त्यातला सर्वांत मोठा आकडा लिहावा. त्याशेजारी त्या वेळी चालू असलेले काम नोंदवावे: ग्राइंडिंग, पावडरची गोणी ओतणे, स्प्रे पेंटिंग. सुट्टीचे दिवस धरून निदान दोन ते चार आठवडे ही नोंद ठेवली आणि सुट्टीत आकडा सुधारून कामावर तो पुन्हा घसरताना दिसला, तर दम्याचा कामाशी संबंध असल्याचा तो महत्त्वाचा पुरावा ठरतो. सिलिकोसिसमध्ये असा चढउतार दिसेलच असे नाही. तेथे छातीचा एक्स-रे आणि धुळीत काढलेली वर्षे महत्त्वाची असतात. दगडखाणीत, फाउंड्रीत (धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात) किंवा सँडब्लास्टिंगवर (वाळूच्या झोताने पृष्ठभाग साफ करण्याच्या कामावर) काम केले असेल तर ते डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपणहून सांगावे, कारण सिलिकोसिसला क्षयरोग समजून वर्षानुवर्षे उपचार झाल्याची उदाहरणे आहेत.

त्यानंतर कंपनीकडे अर्ज. ‘हलके काम द्यावे’ एवढेच लिहिले तर तो अर्ज बहुधा फाइलमध्येच राहतो. ‘मला गोणी ओतण्याऐवजी स्टोअरमध्ये काम द्यावे आणि सकाळी दम अधिक लागत असल्याने पहिल्या पाळीऐवजी जनरल शिफ्ट द्यावी’ असे नेमके लिहावे, डॉक्टरांचे पत्र जोडावे आणि प्रतीवर पोचीचा शिक्का घ्यावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत फुप्फुसाचा जुना आजार स्वतंत्रपणे येत नाही, त्यामुळे त्या कायद्यावर विसंबता येत नाही आणि डॉक्टरांच्या पत्राचे वजन फार असते. नाकाला रुमाल बांधून काम रेटणे हा उपाय नव्हे. सिलिकाची बारीक धूळ त्यातून आत जाते.

ईएसआयसी, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा महिना 21,000 रुपये आहे. विमाधारकाला वाशी किंवा ठाण्याच्या कामगार रुग्णालयात उपचार घेता येतात आणि आजारपणाच्या रजेत वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के भत्ता मिळतो. ब्रॉन्किएक्टॅसिस (श्वासनलिका कायमच्या रुंदावणे), इंटरस्टिशियल लंग डिसीज (फुप्फुसाच्या ऊतींना सूज येणे किंवा व्रण पडणे) यांसारख्या दीर्घ आजारांत, सलग दोन वर्षांच्या नोकरीसह इतर अटी पूर्ण होत असतील तर, पुढे 80 टक्के दराने वाढीव लाभ आहे.

कंत्राटी कामगाराने येथे विशेष सावध राहावे. पगारातून विम्याच्या वर्गणीचे 0.75 टक्के कापले गेले म्हणजे कंत्राटदाराने ते भरलेच असे नसते, आणि नेहमीचा आजारपण भत्ता मिळण्यासाठी सहा महिन्यांच्या ठरावीक कालखंडात किमान 78 दिवसांच्या वर्गणीचा भरणा लागतो. म्हणून ईएसआयसी कार्डाचा नंबर घेऊन तिच्या शाखा कार्यालयात भरणा तपासावा, तोही प्रकृती बरी असताना.