एदो काळातल्या खेळात रोजचा खर्च आणि सामाजिक दर्जा कसा बसवावा

सामंती जपानवर बेतलेल्या रोलप्लेइंग खेळात, म्हणजे प्रत्येक खेळाडू एक पात्र होऊन खेळतो त्या खेळात, खेळवणारा बहुतेक वेळा तलवारींचा तक्ता आधी करतो आणि जेवणाचा कधीच करत नाही. मग सामुराई, सुतार आणि व्यापारी एकाच थैलीतून एकाच भावाने खर्च करतात आणि दर्जा नुसता नावापुरता उरतो.

आधी काळ आणि गाव पक्कं करा. तोकुगावा राजवट, म्हणजेच एदो काळ, 1603 ते 1868 चालली आणि तेवढ्यात भाव खूप हलले. मी 1820च्या आसपासचं एदो, म्हणजे आजचं तोक्यो, सुचवेन, कारण तिथले दर बऱ्यापैकी माहीत आहेत. मोन म्हणजे तेव्हाचं किरकोळ खरेदीचं नाणं. वाटीभर सोबा, म्हणजे शेवयांसारखे नूडल्स, 16 मोन. सार्वजनिक स्नानगृह 8-10 मोन. नागाया म्हणजे तिथली चाळ. तिच्यात पावणेतीन बाय साडेतीन मीटरची खोली महिना 400 ते 600 मोनांना मिळे. र्‍यो हे सोन्याचं नाणं. एक र्‍यो सरकारी दराने 4000 मोनांचा, पण बाजारात तोवर 6000च्या वर गेलेला. खेळात सरळ 6000 धरा.

आता प्रत्येक पात्राची कमाई कशात मोजायची ते ठरवा. सुताराला रोजची मजुरी चांदीत मिळे, वर्षाकाठी मोलाने साधारण 26 र्‍यो. सामुराईचा पगार तांदळात. एक कोकु म्हणजे सुमारे 180 लिटर, एका माणसाचा वर्षाचा तांदूळ, आणि ढोबळ हिशेबाला एक र्‍यो. दोशिन हा शहरातला कनिष्ठ सामुराई. त्याला तीस पोती आणि दोन माणसांचा शिधा, म्हणजे जेमतेम 14 कोकु. राहायला घर फुकट, पण कमाई सुताराच्या निम्मी! सगळ्या खेळाचं नाट्य या एका तफावतीत आहे, ती पुसू नका.

खर्चाचे तीन कप्पे करा: पोट, छप्पर आणि इभ्रत. पहिले दोन सगळ्यांना जवळपास सारखे ठेवा, तिसरा दर्जाप्रमाणे बदला. सामुराईला नीट पोशाख, दोन तलवारी, भेटवस्तू आणि वरच्या पदावर असेल तर बाहेर पडताना बरोबर नोकर लागतात. पोटाचा कप्पा रिकामा राहिला तर तब्येत खालावू द्या. इभ्रतीचा राहिला तर वरिष्ठांची मर्जी जाऊ द्या. खेळाडू उपाशी राहून पोशाख सांभाळायला लागला की समजा, दर्जा खेळात उतरला.

तूट भरून काढायच्या वाटा खऱ्याच वापरा. एदोतल्या आओयामा भागात कनिष्ठ सामुराई घरी छत्र्या बनवत. आसाकुसाच्या सरकारी कोठारातून वर्षात तीनदा तांदूळ मिळे. तो विकून देणारे अडते, फुदासाशी, पुढच्या पगारावर कर्जही देत. 1789 मध्ये सरकारने सामुराईंची जुनी कर्जं माफ केली, तर अडत्यांनी नवं कर्ज द्यायला हात आखडता घेतला. त्या वर्षाची एक मोहीम सहज उभी राहते.

व्यापाऱ्याचं उलट असतं. पैसा भरपूर, पण भपकेबाज कपड्यांवर बंदी. म्हणून साध्या कपड्याला आतून उंची रेशमी अस्तर. शेतकऱ्यासाठी नाण्यांचा तक्ताच नको. पिकाचा चाळीस ते पन्नास टक्के भाग सारा म्हणून काढून घ्या आणि उरलेल्यावर घर चालवायला सांगा.

सामुराई, शेतकरी, कारागीर, व्यापारी या चातुर्वर्ण्यासारख्या उतरंडीच्याही बाहेर ढकललेले, चामड्याचं काम करणारे समाज होते. त्यांच्या वंशजांना जपानमध्ये आजही भेदभाव सोसावा लागतो. जात पाहिलेल्या आपल्या वाचकांना याचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. ही पात्रं आणायची तर सगळ्या खेळाडूंशी आधी बोला आणि त्यांना पूर्ण माणूस म्हणून लिहा.

रोजचा हिशेब मात्र ठेवू नका, खेळ कंटाळवाणा होतो. एदोत बरीचशी खरेदी उधारीवर चाले आणि वसुली वर्षाच्या शेवटच्या दिवशी. प्रत्येक सत्रानंतर तिन्ही कप्प्यांतली तूट लिहून ठेवा आणि त्या रात्री सगळे वसुलीवाले एकदम दारात आणा. कोण सबब सांगतो, कोण तलवार गहाण टाकतो, कोण मागच्या दाराने निसटतो, ते खेळाडूंना ठरवू द्या.