एकाच साक्षीदारावर खुनाची शिक्षा झाली आहे? अपिलात या चुका टाळा

सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली की आरोपीच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येतं: "साक्षीदार एकच आहे, हायकोर्टात केस टिकणारच नाही." घरच्यांना धीर हवा असतो, हे समजण्यासारखं आहे. पण या समजुतीवर अपील उभं केलं तर ते पहिल्या पाच मिनिटांत कोसळतं.

1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 134 स्पष्ट होतं: कोणतीही गोष्ट शाबीत करायला साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हीच तरतूद कलम 139 मध्ये आहे. वडिवेलू थेवर विरुद्ध मद्रास राज्य या 1957 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मुख्यतः मृताच्या पत्नीच्या साक्षीवर झालेली खुनाची शिक्षा कायम ठेवली. त्याच निकालात साक्षीदारांचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्ण विश्वासार्ह, पूर्ण अविश्वासार्ह आणि या दोहोंच्या मधला. पहिला असेल तर त्याच्या एकट्याच्या शब्दावर शिक्षा होते. दुसरा असेल तर होऊच शकत नाही. तिसऱ्याला स्वतंत्र दुजोरा लागतो. आपल्याविरुद्धचा साक्षीदार पहिल्या प्रकारात बसत नाही, हे रेकॉर्डवरून दाखवणं, एवढंच अपिलाचं काम. संख्येवर वाद घालण्यात वेळ घालवू नका.

"नातेवाईक आहे, म्हणून खोटा" असं लिहिणं

ही दुसरी नेहमीची चूक. दलीपसिंग विरुद्ध पंजाब राज्य या 1953 च्या निकालापासून न्यायालयं सांगत आली आहेत की जवळचा नातेवाईक सहसा खऱ्या गुन्हेगाराला सोडून निरपराध माणसाला अडकवणार नाही. नातं असणं वेगळं आणि शिक्षा व्हावी यात स्वार्थ असणं वेगळं. जमिनीचा दावा चालू असेल, आधीची भांडणं पोलीस ठाण्यात नोंदलेली असतील, तर ती कागदपत्रं खटल्यात आली होती का ते बघा. नुसतं "तो मृताचा चुलतभाऊ आहे" म्हणून काही हाती लागत नाही. हेतू शाबीत झाला नाही, हा मुद्दाही प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असलेल्या खटल्यात फार वजन धरत नाही.

ओमिशन (कोर्टात सांगितलेली गोष्ट पोलीस जबाबात नसणं) वाचायचं, पण शाबीत झालं का ते न बघायचं

माझ्या मते सर्वाधिक अपिलं इथेच कमजोर होतात, म्हणून यावर थोडं सविस्तर लिहितो.

समजा, साक्षीदार कोर्टात म्हणाला, "मी विजेच्या खांबाच्या उजेडात आरोपीला कोयता मारताना पाहिलं." पोलिसांनी घेतलेल्या जबाबात मात्र खांबाचाही उल्लेख नाही आणि उजेडाचाही. रात्रीच्या खुनात ही बारीकसारीक बाब नव्हे. ओळख पटली की नाही, हा सगळा प्रश्न तिच्यावर उभा आहे. महत्त्वाची गोष्ट जबाबात नसणं हीसुद्धा विसंगती ठरू शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने तहसीलदार सिंग खटल्यात 1959 मध्येच मान्य केलं आहे.

पण पोलीस जबाब हा मूळ पुरावा नाही. तो थेट उचलून हायकोर्टाला दाखवता येत नाही. उलटतपासणीत साक्षीदाराला ती बाब विचारलेली असावी लागते. मग साक्षीच्या कागदावर ते ठरलेलं वाक्य येतं: "मी पोलिसांना तसे सांगितले होते. माझ्या जबाबात तसे का लिहिले नाही याचे कारण मी सांगू शकत नाही." अनेक जण इथे थांबतात आणि मुद्दा जिंकला असं समजतात. तो अजून अर्धाच झालेला असतो. त्यानंतर तपासी अंमलदाराच्या उलटतपासणीत "साक्षीदाराने जबाबात असे सांगितले नव्हते" हे उत्तर आलं पाहिजे. ते आलं नसेल, तर ओमिशन शाबीतच झालेलं नाही आणि सरकारी वकील नेमकं तेच दाखवतील. साक्षीदाराने स्वतःच "मी तसं सांगितलं नव्हतं" अशी कबुली दिली असेल तर तीही चालते. म्हणून एका बाजूला साक्षीदाराची उलटतपासणी, दुसऱ्या बाजूला तपासी अंमलदाराची, असे दोन कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवा. जे जुळतं तेवढंच अपील मेमोत घ्या.

पाच ठोस ओमिशन असतील तर पंचवीस किरकोळ त्यात मिसळू नका. शर्टाचा रंग, नेमकी मिनिटं, आधी कोण धावलं, असल्या फरकांना न्यायालय महत्त्व देत नाही, आणि त्या गर्दीत आपला खरा मुद्दा बुडतो.

घटनास्थळ पंचनामा आणि नकाशा न उघडणं

साक्षीदार जिथे उभा होता असं सांगतो, तिथून घटनास्थळ दिसतं का? मध्ये भिंत, गोठा, ऊस आहे का? अंतर किती? पंचनाम्यात खांब नोंदला आहे का? वकिलांना फक्त कागद दिसतात. ती वाट, तो बांध घरच्यांना माहीत असतो. अपिलाआधी एकदा वकिलांबरोबर नकाशा समोर ठेवून बसा. शवविच्छेदन अहवालही याच बैठकीत वाचा. डॉक्टरांचं मत आणि डोळ्यांनी पाहिलेली हकीकत यात फरक पडला तर सहसा साक्षीदाराचं ऐकलं जातं. वैद्यकीय पुराव्याने ती हकीकत पूर्णपणे अशक्य ठरवली, तरच चित्र पालटतं. "कोयत्याचे सात वार" आणि अंगावर धारदार शस्त्राची एकही जखम नाही, असं असेल तर मुद्दा आहे. सातऐवजी सहा जखमा, यात नाही.

दुजोऱ्याची पारख न करणं

निकालपत्रात "साक्षीला दुजोरा मिळतो" असं वाक्य दिसलं की तो दुजोरा कुठून आला ते शोधा. साक्षीदाराने घरी जाऊन भावाला सांगितलं आणि भावाने फिर्याद दिली, तर शब्द शेवटी त्या एकाच माणसाचा आहे. स्वतंत्र दुजोरा त्याच्याबाहेरून यावा लागतो. कपड्यांवरचं रक्त, हत्यार काढून दिल्याचा पंचनामा, रासायनिक विश्लेषकाचा अहवाल हे बाहेरचे पुरावे. पण पंच फितूर झाले का, मुद्देमाल सीलबंद होता का, रक्ताचा गट निष्पन्न झाला का, हे तपासल्याशिवाय त्यांना दुजोरा मानू नका. फिर्याद किती तासांनी नोंदली आणि तिची प्रत न्यायदंडाधिकाऱ्यांकडे कधी पोचली, हेही इथेच बघायचं.

मुदत आणि पैसे

जन्मठेपेविरुद्ध हायकोर्टात अपिलाची मुदत 60 दिवस, फाशीविरुद्ध 30. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, उशीर झाला तर माफीचा अर्ज करता येतो. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गसाठी 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच आहे. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अपील राहिलं, असं घडू देऊ नका: तुरुंगातल्या माणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि अपील तुरुंगातूनच अधीक्षकांमार्फतही पाठवता येतं.

साक्षीदाराच्या दारात जाणं

शिक्षा झाल्यावर कोणीतरी सुचवतं, "त्याला समजावू, तो ॲफिडेव्हिट करून देईल." हे अजिबात करू नका. शपथेवर दिलेली आणि उलटतपासणीतून गेलेली साक्ष निकालानंतरच्या स्टँप पेपरने पुसली जात नाही. उलट खोटी साक्ष द्यायला धमकावल्याचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 232 खाली लागू शकतो, त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिक्षेला स्थगिती मिळून माणूस बाहेर आला असेल, तर तो जामीनही रद्द होऊ शकतो. साक्षीदार आपणहून भेटायला आला, तरी त्याच्याशी बोलू नका आणि त्याच दिवशी वकिलांना कळवा.