नेट नसलं तरी ऑर्डर घेणारं दुकानाचं ॲप कसं बांधायचं

मराठवाड्यातल्या दुकानांसाठी ऑर्डरचं ॲप बनवायचं असेल तर आधीच धरून चला की नेट नाहीये. कधीतरी येतं, आलं की तेवढ्यात काम उरकून घ्यायचं. बरीच ॲप नेट आहेच असं धरून बनवलेली असतात, गेलं तर 'पुन्हा प्रयत्न करा' दाखवू म्हणून, आणि मग बालाघाटाच्या डोंगरातल्या गावात किंवा नुसती लाईट जाऊन टॉवरची बॅटरी उतरली तरी किराणावाला ते गोल चक्र फिरायलंय तेवढं बघत बसतो, वीस-पंचवीस आयटम भरलेली यादी उडून जाते, आणि दुसऱ्या दिवशी तो परत वहीवर येतो. वहीवर परत गेलेला माणूस पुन्हा ॲपकडं वळत नाही बरं का, म्हणून हे सुरुवातीलाच नीट करा.

उदाहरण म्हणून धरा, लातूरला गंजगोलाईत ठोक व्यापारी आहे आणि औसा, निलंगा, रेणापूरकडची किराणा दुकानं त्याच्याकडून माल उचलतात.

पहिली गोष्ट, नेट नसताना ॲप उघडलं पाहिजे. वेब ॲप असेल तर त्यासाठी सर्व्हिस वर्कर लागतो, म्हणजे ब्राउझर आणि नेटच्या मधे बसणारी एक स्क्रिप्ट, ती मागितलेली फाईल आधी फोनातल्या कॅशमधून, म्हणजे आधी जपून ठेवलेल्या प्रतीतून, देते. क्रोममध्ये हे २०१५ पासून आहे, सफारीत २०१८ पासून, आणि साईट एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) पाहिजे नाहीतर चालणारच नाही. यात फार डोकं लावावं लागत नाही, रेडीमेड लायब्ररी आहेत.

मालाची यादी मात्र इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरमधल्याच डेटाबेसमध्ये, ठेवा. लोकलस्टोरेज ही ब्राउझरमधलीच दुसरी साठवण सोपी वाटते पण त्यात साधारण ५ एमबीच बसतं आणि वाचताना-लिहिताना स्क्रीन अडकते. दोन हजार आयटमची नावं, कोड आणि भाव, नुसता मजकूर असेल तर काही फार होत नाही, वजन फोटोंचं असतं. दुकानदाराला पारले किंवा निरमा ओळखायला फोटो लागत नाही, त्यामुळं फोटो नंतर, वायफाय असेल तेव्हा. दरवेळी अख्खी यादी ओढू नका, 'मागच्या वेळेनंतर काय बदललं तेवढं दे' असं मागा, आणि ती मागची वेळ सर्व्हरनं (व्यापाऱ्याकडच्या मुख्य कॉम्प्युटरनं) दिलेली वापरा, फोनचं घड्याळ पुढंमागं असू शकतं. बंद झालेला माल यादीतून नुसता काढून टाकला तर फोनला कळतच नाही, तो महिनाभर दिसत राहतो, म्हणून 'बंद' अशी खूण करून ती खाली पाठवायची. आयफोनवर अजून एक आहे, सफारी वापरात असूनही सात दिवस साईटकडं कुणी फिरकलंच नाही तर तिचा साठवलेला डेटा सफारी पुसून टाकते, होम स्क्रीनवर टाकलेल्या ॲपला ते लागू नाही, म्हणून पहिल्याच दिवशी होम स्क्रीनवर टाकून द्या.

आता खरा गाभा. 'ऑर्डर द्या' बटण दाबलं की पहिलं काम म्हणजे ती ऑर्डर फोनातच लिहून टाकणं, नेट असो वा नसो. माल, नग, त्या वेळी दिसलेला भाव आणि फोननंच तयार केलेला एक लांबलचक नंबर, ज्याला यूयूआयडी म्हणतात. पाठवणं हे वेगळं काम, ते मागून होईल. हा नंबर बटण दाबताना एकदाच बनला पाहिजे, पाठवायच्या प्रत्येक प्रयत्नाला नवा नाही, आणि हे इतकं ठासून सांगायलोय कारण सगळ्यात जास्त नुकसान इथंच होतं. बघा काय होतं ते. औशाच्या पलीकडच्या दुकानदारानं तेलाचे १० डबे सांगितले, नेटची एक काडी होती, ऑर्डर लातूरला पोचली, पण 'पोचली' हे उत्तर परत येताना रेंज गेली. फोनला वाटतं गेलीच नाही. तो परत पाठवतो. सर्व्हरनं ती नवी धरली तर टेम्पोत २० डबे चढतात, आणि तिथं दारात भांडण. नंबर तोच असेल तर सर्व्हर म्हणतो ही आलीय माझ्याकडं, आणि जुनंच उत्तर परत देतो, मग दहा वेळा पाठवा. फक्त 'आधी शोधा, नसेल तर टाका' असं कोडमध्ये करू नका, दोन रिक्वेस्ट एकदम आल्या तर दोन्हीला 'नाहीये' असंच दिसतं, डेटाबेसमध्ये त्या नंबरच्या कॉलमलाच युनिक लावा, म्हणजे तोच नंबर दुसऱ्यांदा आत जाणारच नाही.

परत पाठवताना ५ सेकंद, मग १०, मग २० असं थांबणं वाढवत जा आणि प्रत्येक फोनाची वेळ थोडी इकडंतिकडं करा, कारण टॉवर चालू झाला की आसपासचे सगळे फोन एकाच क्षणी सर्व्हरवर तुटून पडतात. ब्राउझर 'ऑनलाईन आहे' म्हणतो त्यावर विश्वास ठेवू नका, वायफायला जोडलेला असला आणि राउटरच्या पुढं काहीच नसलं तरी तो होच म्हणतो. बॅकग्राउंड सिंक, म्हणजे नेट आलं की ब्राउझरनं मागच्या मागं पाठवणं, क्रोमच्या घराण्यात चालतं, सफारीत नाही, त्यामुळं ॲप उघडल्यावर आणि स्क्रीन परत समोर आल्यावर सुद्धा पाठवायचा प्रयत्न करा.

दुकानदाराला खरं काय ते दिसलं पाहिजे. 'फोनात जपलीय, अजून गेली नाही', मग 'लातूरला पोचली', मग 'पक्की झाली'. तिन्ही वेगळ्या. पहिल्यालाच हिरवी खूण दाखवली तर तो निवांत बसतो आणि माल येत नाही. पहिल्या टप्प्यावर ऑर्डर बदलायची, रद्द करायची सोय पण ठेवा.

म्हणजेच नेटशिवाय दिलेली ऑर्डर ही मागणी आहे, सौदा अजून व्हायचाय. तेलाचा भाव रोज हलतो. फोनात कालचा भाव असेल तर तो 'काल संध्याकाळचा' असं स्पष्ट लिहून दाखवा, आणि पोचल्यावर भाव तोच किंवा कमी निघाला तर पक्की करा, वाढला असेल तर दुकानदाराला विचारा, गुपचूप वाढीव बिल लावू नका. किती वाढीपर्यंत न विचारता चालेल ते शेठ आणि गिऱ्हाईकानं आधी ठरवावं, प्रोग्रामरनं नाही. स्टॉकचंही तसंच. मृगात सोयाबीनच्या बियाण्याला मागणी उसळते तेव्हा ४० बॅगा शिल्लक असताना आठ फोनांवर दहा-दहाच्या ऑर्डरी पडून असू शकतात, आणि अशा वेळी नेटशिवाय आकडा दाखवणं म्हणजे खोटं बोलणं. ऑर्डर देतानाच विचारून ठेवा, 'असेल तेवढं द्या' की 'पूर्ण असेल तरच'. एवढ्या एका प्रश्नानं विचारायला करावे लागणारे बरेच फोन वाचतात.

उधारी फोनात एकच आकडा म्हणून ठेवू नका. दोन फोनांवरून 'बाकी ५०००' आणि 'बाकी ४२००' असं आलं तर शेवटचा लिहिणारा जिंकतो आणि मधली जमा गायब. एकेक नोंद पाठवा, माल नेला इतक्याचा, जमा केले इतके, आणि बेरीज सर्व्हरवर होऊ द्या. रकमा रुपयांच्या दशांशात न ठेवता पैशांत (रुपयाचे शंभर पैसे), पूर्णांकात ठेवा.

पैसे घेणं नेटशिवाय जमवायच्या नादी लागू नका. रोख किंवा उधारी, आणि फारच लागलं तर *९९# (हा नंबर फिरवून बँकेतून पैसे पाठवता येतात) किंवा मार्च २०२२ मध्ये आलेलं यूपीआय १२३पे, दोन्ही साध्या फोनवरून नेटशिवाय चालतात. एसएमएसवरून ऑर्डर घ्यायची वाट पण ठेवता येते, कॉलची रेंज असते पण डेटा नसतो अशी गावं भरपूर आहेत. देवनागरीत लिहिलं तर एका मेसेजात ७० अक्षरंच मावतात, इंग्रजीत १६०, म्हणून नावं न लिहिता ॲपनं कोड आणि नग एवढंच पाठवावं, आणि ऑर्डर नंबर एसएमएसात पण तोच, नाहीतर नेट आल्यावर डबल.

लॉगिनची मुदत संपली म्हणून नेट नसताना कुणाला बाहेर काढू नका, आणि लॉगआऊट केलं तरी न गेलेल्या ऑर्डरी पुसू नका. ॲप अपडेट झालं तर जुन्या पद्धतीनं लिहिलेली ऑर्डर सर्व्हरनं काही महिने तरी स्वीकारली पाहिजे, तो फोन नेमका त्याच अडकलेल्या ऑर्डरी घेऊन येणार असतो.

तपासताना नुसता फ्लाईट मोड लावून थांबू नका, धड येत नाही धड जात नाही असं नेट त्याच्यापेक्षा वाईट. क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये स्पीड पार खाली आणा, बटण दाबल्या दाबल्या ॲप बंद करा, बॅटरी काढल्यासारखा फोन बंद करून बघा. आणि सर्व्हरला मुद्दाम असं सेट करा की ऑर्डर घेईल पण उत्तर देणार नाही, मग तीच ऑर्डर पाच वेळा जाऊ द्या आणि डेटाबेसमध्ये एकच ओळ आहे का ते स्वतः उघडून बघा.