फोर्क अडखळत होता तेव्हा

नाशिकजवळच्या चामर लेण्यांच्या पायथ्याच्या खडकाळ वाटेवर माझ्या सायकलचा हवेवर चालणारा फोर्क, म्हणजे पुढचे चाक धरणारा व धक्के शोषणारा भाग, लहान दगडांवर अडखळत असे आणि मोठ्या खड्ड्यात तळाला आपटत असे. शॉक पंपाने हवा वाढवून, पाठपिशवीसह सायकलवर नेहमीच्या पवित्र्यात उभे राहून मी नळीवरचे रबरी कडे किती सरकते ते मोजले, एकूण 120 मि.मी. दबू शकणाऱ्या फोर्कला नुसत्या माझ्या वजनाने सुमारे 24 मि.मी., म्हणजे 20 टक्के, दबणे ठेवले. आपटणे थांबले, अडखळणे राहिलेच. फोर्कचे खालचे पाय, म्हणजे खालच्या बाहेरील नळ्या, उतरवल्यावर सीलखालच्या फोमच्या कड्या कोरड्या व मातकट आढळल्या. त्या स्वच्छ करून, फोर्कच्या तेलात भिजवून बसवल्या आणि उत्पादकाने दिलेल्या मापाने नवे तेल घातले. सीलवर चेनचे तेल सोडण्याचा प्रचलित सल्ला मला पटत नाही. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, शेवटी लावला, कारण हवेचा दाब बदलला की तोही बदलावा लागतो.