कापलेला टीडीएस परत कसा मिळवून द्यायचा

तासिका तत्त्वावर शिकवणारे शिक्षक, दवाखान्यातले कंत्राटी तंत्रज्ञ, घरोघर पार्सल पोचवणारी मुलं, रंगकामाचा छोटा ठेका घेणारे कारागीर. यांच्यातल्या बहुतेकांना आयकर लागतच नाही. तरीही पैसे हातात पडण्याआधी त्यातून टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरायचा कर) कापलेला असतो, कारण कापणारा तुमची वर्षाची कमाई बघत नाही, पैसे कशापोटी देतोय ते बघतो. ठरावीक मर्यादेपुढे ठेक्याच्या बिलावर १ टक्का कापतात. तेच पैसे व्यावसायिक मानधन म्हणून दिले तर १० टक्के.

समजा, एका तंत्रज्ञ ताईंना महिना २२,००० रुपये मानधन आहे. वर्षाचे झाले २,६४,०००, त्यातून टीडीएस गेला २६,४००. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत ४ लाखांपर्यंत करच नाही. म्हणजे कापलेला रुपयान् रुपया त्यांचा आहे, आणि तो महिन्याच्या मानधनाहून जास्त भरतो. पण आयकर रिटर्न (आयटीआर), म्हणजे वर्षाच्या कमाईचा आणि कराचा हिशेब, भरून मागितल्याशिवाय तो परत येत नाही.

तुम्हाला आयकर विभागाचं ऑनलाइन पोर्टल हाताळता येत असेल, तर वस्तीत, सोसायटीत, नात्यात हे काम नक्की करा. कसं करायचं ते सांगतो.

आधी विचारायचं कसं

"तुम्ही आयटीआर भरता का?" असं विचारू नका. उत्तर "आम्हाला कुठला आलाय टॅक्स" असंच येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी विचारा, "ठरलेत किती आणि खात्यात येतात किती?" फरक दिसला की पुढचा प्रश्न, "पॅन नंबर दिला होता का?" नोकरी सोडून पीएफ काढला होता का, हेही विचारा. पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत ५०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम काढली तर १० टक्के कापतात, आणि हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

मग भीती समोर येते: "रिटर्न भरलं तर लाडकी बहीण बंद होईल, रेशन जाईल." ही भीती उडवून लावू नका. त्या घराला महिन्याच्या १,५०० रुपयांचा खरा आधार असतो. रिटर्न भरणं आणि कर भरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शांतपणे समजावा. शून्य कराचं रिटर्न भरणारी व्यक्ती कर भरत नसते. पण पुढचंही लपवू नका. लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे, आणि रिटर्नमध्ये उत्पन्न नोंदलं जातं. मर्यादेपलीकडची कमाई रिटर्न न भरल्याने कमी होत नाही. ती टीडीएसच्या नोंदीत पॅनवर आधीच दिसते. शिवाय वर्षाचा टीडीएस २५,००० किंवा त्याहून जास्त असेल (ज्येष्ठांसाठी ५०,०००), तर उत्पन्न कितीही कमी असलं तरी रिटर्न भरणं बंधनकारक आहे. वरच्या उदाहरणातल्या ताई यातच बसतात. हे सगळं सांगा आणि निर्णय घरच्यांना घेऊ द्या.

बसायच्या आधी

पॅन आधारशी जोडलेलं हवं. जोडलेलं नसेल तर ते निष्क्रिय होतं, टीडीएस साधारण २० टक्क्यांनी कापला जातो आणि परतावाही अडतो. आधारला जोडलेला मोबाइल सोबत हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो. बायकांच्या बाबतीत हा नंबर बऱ्याचदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. शक्य असेल तर आधी आधार केंद्रात जाऊन त्यांचा स्वतःचा नंबर लावून घ्या, ती एक फेरी सार्थकी लागते. बँक खातं त्यांच्याच नावावर हवं, आणि पॅनवरचं व खात्यावरचं नाव जुळायला हवं.

घाई मात्र करू नका. जानेवारी ते मार्चच्या टीडीएसचं विवरण भरायची कापणाऱ्याची मुदत ३१ मेपर्यंत असते. म्हणून जूनच्या मध्यानंतर बसलेलं बरं.

पोर्टलवर

आयकर विभागाच्या ई-फायलिंग पोर्टलवर त्यांच्या पॅनने नोंदणी करा. पासवर्ड त्यांनी टाकायचा आणि त्यांच्याच वहीत लिहायचा. ईमेल आणि मोबाइलही त्यांचाच द्यायचा, तुमचा नाही. मग २६एएस (पॅनवर जमा झालेल्या टीडीएसची नोंद) आणि एआयएस (वर्षभरातल्या कमाई-व्यवहारांची माहिती) उघडा. कोणी, कशापोटी, किती कापलं ते तिथे दिसतं.

कापलेली रक्कम तिथे नसेल तर थांबा. कापणाऱ्याने ती भरलेली नसते, किंवा पॅन चुकीचा टाकलेला असतो. त्याच्याकडे लेखी मागणी करा: विवरणात दुरुस्ती करा आणि टीडीएसचं प्रमाणपत्र द्या. पगारासाठी ते फॉर्म १६ असतं, इतर रकमांसाठी १६ए. नोंद नसताना दावा केला तर परतावा लटकतो.

नोंद बरोबर असेल तर फॉर्म निवडा, आणि चूक सर्वात जास्त इथेच होते. पगार, पेन्शन आणि व्याज एवढंच असेल तर आयटीआर-१. २६एएसमध्ये कलम १९४सी (ठेका) किंवा १९४जे (व्यावसायिक मानधन) दिसत असेल तर ते पैसे पगार धरले जात नाहीत, माणूस स्वतःला नोकरदार समजत असला तरी. तिथे बहुतेकदा आयटीआर-४, म्हणजे छोट्या धंदा-व्यवसायाचा फॉर्म, लागतो. विमा एजंटच्या कमिशनला आयटीआर-३ लागतो. ते प्रकरण जाणकार सल्लागाराकडे द्या.

पोर्टल बरीचशी माहिती आपोआप भरतं, ती एकेक ओळ वाचून तपासा. बचत खात्याचं व्याज राहू देऊ नका. परतावा ज्या खात्यात हवा ते आधी प्रमाणित करून घ्या. शेवटी परताव्याची रक्कम मोठ्याने वाचून दाखवा आणि मगच सादर करा. त्यानंतर ३० दिवसांत ई-पडताळणी करावी लागते, आधार ओटीपीने ती लगेच होते. ही पडताळणी झाली नाही तर भरलेलं रिटर्न न भरल्यासारखंच.

३१ जुलैच्या आत भरून मोकळे व्हा. त्यानंतर ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, पण काहींना १,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क लागतं. वेळेत भरलं तर परताव्यावर १ एप्रिलपासून महिना अर्धा टक्का व्याजही मिळतं. नाव न जुळल्याने पैसे खात्यात पडले नाहीत, तर खातं दुरुस्त करून पोर्टलवरच 'रिफंड रीइश्यू'ची विनंती करता येते.

कुणापासून जपायचं

"दुप्पट रिफंड काढून देतो, वीस टक्के माझे" म्हणणाऱ्यापासून. तो खोटं घरभाडं, खोट्या देणग्या दाखवतो, कमिशन घेतो आणि नोटीस मात्र गरिबाच्या नावाने येते. उत्पन्न खोटं सांगितलं तर वाचवलेल्या कराच्या दुप्पट दंड होऊ शकतो. जुलै २०२५ मध्ये आयकर विभागाने अशा खोट्या वजावटींविरुद्ध देशभर कारवाई केली होती. "तुमचा रिफंड मंजूर, लिंकवर क्लिक करा" असे संदेशही फसवेच समजा. स्थिती पाहायची ती पोर्टलवर जाऊनच.

मागच्या वर्षांचं

मुदत उलटून गेली म्हणून पाणी सोडू नका. कर निर्धारण वर्ष (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) संपल्यापासून पाच वर्षांच्या आत विलंब माफीचा अर्ज पोर्टलवरूनच करता येतो. आजारपण, कुटुंबातला मृत्यू अशी उशिराची खरी कारणं लिहा, कागद जोडा. मंजुरी अधिकाऱ्याच्या हाती असते आणि वेळ लागतो. अद्ययावत (अपडेटेड) रिटर्न म्हणून ओळखलं जाणारं आयटीआर-यू यासाठी वापरू नका, त्यातून परतावा मागता येत नाही.

पुढच्या वर्षी कापलाच जाऊ नये म्हणून

घरातल्या म्हाताऱ्या माणसांची मुदत ठेव असेल, तर एप्रिलमध्येच बँकेत जाऊन व्याजावर टीडीएस कापू नये अशी स्वयंघोषणा द्या. मार्च २०२६ पर्यंत साठीच्या आतल्यांसाठी हा फॉर्म १५जी आणि ज्येष्ठांसाठी १५एच होता, बँकेत तो याच नावांनी ओळखला जातो. पीएफ काढतानाही तो देता येतो. मानधन आणि ठेक्याच्या रकमेवर तो चालत नाही. तिथे कमी दराने कापण्याचं प्रमाणपत्र आयकर अधिकाऱ्याकडून घ्यावं लागतं, आणि ते जमलं नाही तर दर जूनमध्ये २६एएस उघडून बसायचं.